बिग रेडच्या चढावर रुतलेली गाडी

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बर्ड्सव्हिल हे चिमुकलं गाव आहे. तिथून पश्चिमेला साधारण ३५ किलोमीटरवर सिम्पसन वाळवंटातली ‘बिग रेड’ ही वाळूची टेकडी लागते. उंची सुमारे ४० मीटर. तिच्या पलीकडे अशा हजाराहून जास्त टेकड्या एकमेकींना समांतर पसरल्या आहेत. त्यांची पश्चिमेची बाजू सौम्य असते, पूर्वेची खडी. बर्ड्सव्हिलहून येणाऱ्याच्या वाट्याला खडी बाजू येते.

मी या वाळवंटात पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे नेतो. जुलैतल्या त्या दुपारी माझ्यामागे तीन गाड्या होत्या. दोन वर पोहोचल्या. तिसरी माथ्याच्या पाचसहा मीटर खाली थांबली, आणि चालकाने अॅक्सिलरेटर दाबूनच ठेवला. खरं नुकसान तिथे होतं. गाडी पुढे सरकायची थांबली की पाय लगेच काढायचा. नाहीतर चाकं स्वतःचाच खड्डा खणतात. मी खाली उतरेपर्यंत मागचं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या आसाच्या मधला गिअरचा गोळा, वाळूवर टेकलं होतं.

पायथ्याशी त्याने रेडिओवर ‘हवा अठरा’ असं सांगितलं होतं. माझ्या मापकावर २७ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं एकक) निघाली; त्याचं मापकच चुकीचं होतं. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि गाडीचं वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. २७ वर तो वाळू कापत आत जातो. कोकणात ओहोटीच्या ओल्या पुळणीवर गाडी चालवलेल्यांना हे पटकन पटत नाही, कारण ओली वाळू घट्ट बसलेली असते. इथली वाळू कोरडी, दुपारच्या उन्हात आणखी भुसभुशीत. त्यात त्याने अर्ध्या चढावर गिअर बदलला होता. तेवढ्यात वेग गेला.

दुसऱ्या चालकाने वरून पट्ट्याने ओढायची तयारी दाखवली आणि पट्टा मागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवायला घेतला. तो आधी काढायला लावला. ताणणाऱ्या पट्ट्याच्या झटक्याने टो-बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेली आहेत. पट्टा लावायचा तो फक्त चॅसिसवरच्या प्रमाणित हुकांना. पण इथे ओढायची गरजच नव्हती. उतार आपल्या बाजूने असताना गाडी खालीच न्यावी.

एकाला रेडिओ देऊन माथ्यावर उभं केलं, कारण पलीकडून येणाऱ्याला माथ्याखालचं काही दिसत नाही. गाडीवर उंच झेंडा लावतात तो यासाठीच. रेडिओच्या चॅनल १० वर इशारा दिला. मग फावड्याने डिफरेन्शियलखालची आणि चारही चाकांमागची वाळू काढली, टायरची हवा १४ वर आणली आणि मागच्या चाकांमागे वाळूपाट्या सरकवल्या. इतक्या कमी हवेत स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर टायर रिमवरून निसटतो, म्हणून चाकं अगदी सरळ. लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर), रिव्हर्स, ब्रेकवर पाय नाही. गाडी इंजिनाच्या जोरावरच हळू उतरू द्यायची. पुढचा भाग एका बाजूला घसरू लागला तर ब्रेक न लावता किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा, गाडी सरळ होते. चढावर वळवायचा मोह मात्र टाळायचाच. आडवी झालेली गाडी उलटते.

पायथ्याशी सगळ्या टायरची हवा १६ केली, गाडी घसरू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केलं, कारण ते ऐन चढावर इंजिनाची ताकद तोडतं. लो रेंजचा दुसरा गिअर पायथ्यापासून माथ्यापर्यंत तोच ठेवायचा, वेग सपाटीवरच घ्यायचा आणि माथ्याच्या जरा आधी पाय सैल करायचा. पहिल्याच प्रयत्नात गाडी वर गेली.

आता ताफ्यातल्या सगळ्या गाड्यांची हवा मी माझ्याच मापकाने मोजतो.

निघण्याआधी चढावरचे खड्डे बुजवले. जास्त हवेच्या टायरनी चाकं फिरवून पाडलेल्या अशा खड्ड्यांत मागून येणाऱ्या गाड्या उसळतात, चाकांची पकड सुटते आणि खड्डे आणखी खोल होतात. अर्धा तास गेला. मग परतीच्या कच्च्या रस्त्याआधी टायरमध्ये हवा भरायला कंप्रेसर बाहेर काढला. १६ पीएसआयवर वेग घेतला तर टायरच्या बाजू तापून फाटतात.