आमची वाटचाल आणि दरवाजाच्या खालची वीतभर जागा

समुद्राच्या जवळच्या जुन्या घरांचे गॅरेजचे दरवाजे दुरुस्त करायला लागून आम्हाला २१ वर्षं झाली. नवीन दरवाजे विकणं आम्ही कधीच मुख्य धंदा केला नाही, दुरुस्ती हाच धंदा आणि त्यातही जुनी घरं, जिथे लाकडी चौकट आहे, दरवाजाच्या वर छतापर्यंत जेमतेम आठ-नऊ इंच जागा आहे, आणि दरवाजाचं नवीन किट घेऊन येणारा माणूस टेप लावून बघतो आणि म्हणतो की हे होणार नाही, भिंत फोडावी लागेल. तिथे आम्ही डबल ट्रॅक, म्हणजे कमी उंचीत बसणारे वर-खाली दोन रूळ, टाकून दरवाजा बसवलाय, भिंतीला हात न लावता. हे मी अभिमानाने सांगतो.

सुरुवात दोघांनी केली. पार्टनर वेल्डर, मी फिटर. ज्या मिस्त्रींकडे आम्ही दोघं शिकलो त्यांनी आम्ही निघताना टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे दरवाजाच्या वर आडवी बसून त्याचं वजन पेलणारी स्प्रिंग, पिळायच्या दोन सळ्या दिल्या, अर्धा इंच जाडीच्या, दीड फूट लांब, भरीव स्टीलच्या. टोकं त्यांनी स्वतः कानसेने घासून जरा निमुळती केली होती म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला जो शंकूसारखा तुकडा असतो, कोन म्हणतात त्याला, त्याच्या भोकात सळी तळापर्यंत जाते. ज्यांनी टॉर्शन स्प्रिंग पिळलीय त्यांना वेगळं सांगायला नको, सळी आत टेकल्याचा ठक् असा आवाज हाताला कळतो, तो कळल्याशिवाय दुसरी सळी काढायची नाही. सात फुटी दरवाजा आणि केबल गुंडाळणारा ड्रम चार इंची असेल तर साडेसात फेरे, म्हणजे पाव-पाव करत ३० वेळा हीच क्रिया, आणि तिसाव्या वेळीही पहिल्या वेळेइतकंच लक्ष हवं कारण तेव्हाच ताण सगळ्यात जास्त असतो. चेहरा कधी सळीच्या रेषेत नाही, शिडी कायम बाजूला. स्क्रूड्रायव्हर घालून पिळणारे लोक मी बघितलेत, त्यांना मी तिथल्या तिथे थांबवलंय, माझं काम नसलं तरी. त्या सळ्या अजून माझ्याकडे आहेत. एका सळीच्या मधोमध हाताच्या घामाने काळपट पट्टा पडलाय, तो मी घासून काढत नाही.

पहिल्या दोन वर्षांत आम्ही चुकाही केल्या आणि त्यातून शिकलो. आम्हाला वाटायचं स्टेनलेस म्हणजे झालं, गंजाचा प्रश्न मिटला. अ‍ॅल्युमिनियमच्या तळपट्टीवर स्टेनलेसचे स्क्रू मारले आणि एका पावसाळ्यात स्क्रूच्या भोवती पांढरी पावडर यायला लागली, पट्टी भोकाभोवती खाल्ली गेली, स्क्रू मात्र चकाचक. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल असेल तर त्यातला लवकर झिजणारा धातू मरतो, इथे अ‍ॅल्युमिनियम. तेव्हापासून आमच्याकडे नायलॉनचं वायसर घातल्याशिवाय अ‍ॅल्युमिनियमवर स्टेनलेस लागत नाही. आणि ३०४ ग्रेड समुद्राजवळ तांबूस डाग धरतो, त्याला बारीक खड्डे पडतात, तिथे ३१६ लागतो, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून तो खारात टिकतो. दुकानदार दोन्हीला स्टेनलेसच म्हणतो, त्यामुळे ग्रेड विचारून, बॉक्स बघून घ्या.

याच काळात आम्हाला बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका, समुद्राकडे तोंड केलेलं जुनं घर, आणि घड्या नसलेला, एकसंध अख्खा वर उचलायचा लाकडी दरवाजा, बाजूला लांब स्प्रिंगा. दरवाजा पावसाळ्यात उचलत नाही आणि उन्हाळ्यात धाडकन वर जातो अशी तक्रार. आमच्याआधी तीन जण येऊन गेले होते, तिघांनीही स्प्रिंग बदला म्हणून सांगितलं होतं. आम्ही स्प्रिंगा उतरवून दरवाजाखाली वजनकाटा सरकवला, साधा घरात माणसांचं वजन करतात तो. ८९ किलो. मग उन्हाळ्यात परत जाऊन केलं तर ८४. पाच किलो पाणी ते लाकूड दर वर्षी पिऊन परत सोडत होतं, त्यात स्प्रिंगचा काय दोष. आम्ही दरवाजाच्या खालच्या कडेचं, जिथे फळीचं उघडं टोक येतं आणि रंगारी कधीच ब्रश लावत नाही, ते सगळं सुकवून तीन हात सील केलं, आणि स्प्रिंग मधल्या वजनाला लावली. दोन्ही स्प्रिंगांच्या आतून सेफ्टी केबल ओवली, ती नव्हतीच, तुटली असती तर तुकडा थेट भिंतीवर गेला असता.

काम झाल्यावर बाई म्हणाल्या, काय काय केलंस ते सगळं लिहून दे, उद्या तू नसलास तर दुसऱ्याला कळलं पाहिजे. मी म्हटलं बाई तुम्हाला काय करायचंय, त्या म्हणाल्या लिही. दोन पानं लिहिली, एक त्यांना, एक मला. तिथून आमची वही सुरू झाली. प्रत्येक दरवाजाचं वजन, तारेची जाडी, किती फेरे, कुठला बोल्ट, लाकूड कुठे मऊ. आज अशा १४ वह्या आहेत.

मधली वर्षं कामं येत गेली, आम्ही करत गेलो, दोन मुलं हाताखाली तयार झाली.

अकराव्या वर्षी जे झालं ते मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण आमच्याबद्दल तेव्हा जे बोललं गेलं ते बोलणाऱ्याने आजपर्यंत मागे घेतलेलं नाही. आमच्या भागात एक नवीन फर्म आली. गाडी चांगली, युनिफॉर्म चांगला, आणि पहिली सर्व्हिस फुकट. फुकट सर्व्हिसला जायचं, थोडं तेल मारायचं आणि सांगायचं की तुमचा दरवाजा संपलाय. माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं, ज्याला नवीन घ्यायचा त्याने घ्यावा. पण मग एका घरी, जिथे आम्ही स्प्रिंगा आणि खालचे ब्रॅकेट, म्हणजे दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यांत केबल अडकवायचे तुकडे, बसवले होते, तिथला दरवाजा एका बाजूने सुटला. ज्या बाजूचा ब्रॅकेट निघाला ती केबल सुटली, दरवाजा तिरका होऊन ट्रॅकमधून बाहेर आला आणि गाडीच्या बॉनेटवर पडला. नशीब, आत कोणी नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती फर्म प्रत्येक घरी फोटो दाखवत फिरायला लागली की बघा, ह्या लोकांनी बसवलेला दरवाजा पडला.

फोन बंद झाला. म्हणजे खरोखर बंद, आठवड्याला दोन फोन, त्यातला एक उधारी मागणाऱ्याचा. ठरलेली कामं लोकांनी पुढे ढकलली, नाही कोणी म्हटलं नाही, सगळे म्हणाले बघू नंतर. मी त्या घरी तीनदा गेलो, फक्त तुटलेला ब्रॅकेट बघू द्या म्हणून, दोनदा दारातून परत पाठवलं. पार्टनर म्हणाला मला आता हे झेपत नाही, आणि तो आतल्या भागात, समुद्रापासून लांब, एका कारखान्यात नोकरीला लागला. मी त्याला अडवलं नाही. पण त्याने तेव्हा सहा महिने थांबायला हवं होतं, हे मी त्याच्या तोंडावर बोललोय आणि इथेही लिहितो.

तिसऱ्या वेळेला घरमालकाच्या मुलाने मला आत घेतलं. ब्रॅकेट कोपऱ्यात पडला होता. मी तो हातात घेतला आणि मला तिथेच कळलं, कारण तो चमकत होता. आम्ही खाली कायम हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, वापरतो, ते राखाडी, खरबरीत दिसतं, जस्ताचा थर जाड असतो. हा पातळ प्लेटिंगचा, गुळगुळीत, आणि कडेने आताच लाल व्हायला लागलेला. मग दरवाजा बघितला. आमची चार भोकं आरपार होती, मागच्या बाजूपर्यंत, बोल्टची, आणि त्याच भोकांत कोणीतरी जेमतेम इंचभर लांबीचे, लाकडात मारायचे स्क्रू फिरवले होते. भोक मोठं, स्क्रू बारीक, लाकूड ओलं, ते किती दिवस धरणार? फुकट सर्व्हिसला आलेल्यांनी केबल बदलताना ब्रॅकेट काढून स्वतःचा लावला होता. वही काढली, तारीख, दरवाजा, आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात, खालचे ब्रॅकेट दोन्ही बाजू, आरपार बोल्ट चार-चार, मागे पट्टी, कारण खालची फळी मऊ. मुलाने वाचलं. त्याचे वडील बाहेर आले, त्यांनीही वाचलं, आणि म्हणाले बरं, तुम्ही दुरुस्त करून द्या. माफी वगैरे काही नाही. त्या फर्मचा माणूस मला आजही समोरासमोर येतो आणि नजर चुकवून जातो.

एक शब्द बोलला असता तर माझा राग गेला असता.

त्या रिकाम्या महिन्यांत बाईंचा फोन आला. दरवाजा चांगला चालत होता, तरी म्हणाल्या की अख्खी चौकट तपासायची आहे, सावकाश कर, घाई नको. मी अकरा दिवस तिथे होतो. दाभण घेऊन चौकटीच्या पायापासून एकेक इंच टोचत वर गेलो, डाव्या पायाला दाभण लोण्यात जावं तसं गेलं, नऊ इंचांपर्यंत. रंग वरून अगदी शाबूत. तेवढा भाग कापून नवीन तुकडा खाचेत बसवला, खाली फरशीपासून अर्धा इंच वर ठेवला म्हणजे तो पाणी शोषणार नाही. रोज दोन-चार शेजारी येऊन उभे राहायचे, बाई त्यांना बोलवायच्या आणि मला म्हणायच्या यांना दाखव ते टोचून. त्यातल्या पाच जणांनी पुढे आम्हाला काम दिलं. धंदा परत उभा राहिला तो त्या पाच घरांवरून.

आणि मला आयुष्यभराचं काम तिथे नीट कळलं. समुद्राच्या हवेत दरवाजा खालून मरतो. लोक वरची स्प्रिंग बघतात कारण ती तुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. पण खार बसतो, पाणी साचतं, वारा पाला आणि वाळू आणून टाकतो ते सगळं खालच्या वीतभर जागेत. केबल तिथेच आतून गंजते, वरून एक-दोन तारा तुटलेल्या दिसल्या म्हणजे आतल्या कधीच गेलेल्या असतात. खालचा ब्रॅकेट तिथे, चौकटीचा पाय तिथे, वाटेत काही आलं तर मोटरचा दरवाजा थांबवणाऱ्या सेन्सरची काच तिथे, फरशीपासून सहा इंचांच्या आत, तिच्यावर खाराचा पापुद्रा बसला की दरवाजा अर्ध्यातून परत वर जातो आणि लोक मोटर बदलून घेतात. ओल्या फडक्याने काच पुसा आधी.

स्प्रिंगबद्दलही सांगतो. साधी स्प्रिंग १०,००० वेळा उघड-बंद करायच्या हिशोबाने बनते, दिवसाला चार वेळा धरलं तर सातेक वर्षं. खाऱ्या हवेत तेवढी पुरत नाही, कारण गंजाचा खड्डा पडला की तडा तिथूनच सुरू होतो, आणि आटे एकमेकांवर घासतात. दोन-तीन महिन्यांनी स्प्रिंगवर तेलाचा पातळ हात द्या, फडक्याने. डब्ल्यूडी-४० मारून झालं म्हणू नका, त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणारं, ओल काढायला ते उत्तम आहे पण नंतर वंगण वेगळं लागतं. ट्रॅकमध्ये ग्रीस कधीच नाही, वाळू चिकटून त्याची कानस होते. दोन स्प्रिंगांतली एक तुटली तर दोन्ही बदला, दुसरीने तेवढेच दिवस काढलेत. जुनी कुठल्या मापाची ते कळत नसेल तर वीस आटे पट्टीवर मोजा, पाच इंच भरले तर तार पाव इंचाची. मोटर सुटी करून दरवाजा हाताने निम्म्यावर नेऊन सोडा, तो तिथेच थांबला पाहिजे. आणि खालच्या ब्रॅकेटच्या स्क्रूला ताण असताना पाना लावू नका, कोणीही, कितीही अनुभव असला तरी, तिथे अख्ख्या स्प्रिंगचा ओढा असतो. आमच्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो आणि महिनाभर सळ्या हातात देत नाही.

पार्टनर मागच्या वर्षी येऊन गेला. वह्या चाळत बसला होता बराच वेळ. पहिल्या वहीत त्याच्या अक्षरातली वेल्डिंगची नोंद बघून म्हणाला हे वेल्डिंग अजून टिकलंय का. टिकलंय, मी त्याला गाडीवर बसवून तिथे नेऊन दाखवलं.

बाई आता थकल्यात, दरवाजा स्वतः उचलत नाहीत. त्यांच्या मुलाला मोटरचा नवीन दरवाजा लावायचाय, त्याचंही चूक नाही. मी गेल्या महिन्यात जाऊन काटा लावला, ८६ भरलं, ऐन पावसाळ्यात, म्हणजे सील अजून धरून आहे. फक्त तळाची एक फळी टोकाला मऊ झालीय, दाभण पाव इंच जातं. बाई म्हणाल्या बदलता येईल का. जुनं, पूर्ण वाळलेलं सागवान मिळालंय मला एका पाडलेल्या घरातलं, त्याच जाडीचं. पाऊस थांबला की बसवतोय. वहीत जागा ठेवलीय.