डिपॉझिटला मर्यादा हवीच

मागच्या महिन्यात कोथरूडमध्येच एक घर सोडून दुसऱ्या घरात आलो. भाडं वीस हजार, डिपॉझिट एक लाख, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, पहिल्या महिन्याचं आगाऊ, म्हणजे किल्ली हातात यायच्या आधीच एक लाख चाळीस हजार गेले. आणि जुन्या घराचे साठ हजार अजून मालकांकडेच आहेत, कारण ते म्हणतात आधी रंग देऊन होऊ दे मग हिशोब करू. भाड्याने राहणाऱ्या सगळ्यांना हे माहितीये, एक डिपॉझिट सुटायच्या आधी दुसरं भरावं लागतं, आम्ही त्यासाठी एफडी मोडली. ज्याची पहिलीच नोकरी आहे त्याने कुठून आणायचे?

केंद्राने 2021 मध्ये मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट मंजूर केला, त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं एवढंच डिपॉझिट, आणि घराचा ताबा परत घेताना देणं असेल ते वजा करून बाकीचे तेव्हाच द्यायचे. म्हणजे माझं काम चाळीस हजारात झालं असतं! पण तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केला तरच उपयोग. उत्तर प्रदेशने त्याच वर्षी केला. आपल्याकडे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे आपण घर भाड्याने घेताना नेहमी करतो त्या कराराच्या, डिपॉझिटला त्यात मर्यादाच नाही, मालक म्हणेल तो आकडा.

त्याच कायद्यातलं कलम 55 मात्र खरंच कामाचं आहे. अ‍ॅग्रीमेंट लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि केलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणून "नोटरी करून टाकू" म्हणाले तर ऐकू नका. खर्चही फार नाही, 11 महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्याच्या 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी, माझी सहाशेच्या आत बसली, वर शहरात हजार रुपये रजिस्ट्रेशन फी.

यावेळी रंगाचे पैसे कोण देणार आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे दोन्ही अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलं. नवीन मालकीणबाईंनी काही कुरकुर केली नाही. जुन्या काकांना रविवारी परत फोन करणारे.