सेशन: ब्राउझरकडे फक्त क्रमांक

परळला आमच्या मंडळाच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी मी कॉलेजच्या मुलांना पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा, शिकवते. एकीची आई दिवाळीचा फराळ विकते, म्हणून सरावाला ऑर्डरचंच पान घेतलंय. पहिल्या पानावर अर्धा किलो चकली निवडली आणि पुढच्या पानावर ती गायब! "ताई, आत्ता तर टाकली होती."

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही, ब्राउझरची प्रत्येक रिक्वेस्ट (मागणी) त्याला नवी. खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, आणली. सेशन, म्हणजे एका गिऱ्हाईकाची माहिती पानामागून पान लक्षात ठेवायची सोय, सहसा तिच्याच आधारावर चालतं. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्या हातात फक्त बिल्ला येतो, चपला स्टँडवरच राहतात. तसंच इथे कुकीत एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा क्रमांक असतो आणि माल सर्व्हरवर. पीएचपी तो माल साधारणपणे एका फाइलमध्ये ठेवतं. पानाच्या अगदी वरच सेशन सुरू करायचं. आधी काही छापून गेलं तर हेडर (पानाच्या आधी जाणारी माहिती, कुकी त्यातूनच जाते) रवाना झालेले असतात, मग कुकी पाठवता येत नाही.

एका मुलाने भाव फॉर्ममधल्या लपवलेल्या खान्यात ठेवला होता. मी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून चारशेची चकली चार रुपयांना करून दाखवली, तेव्हा सगळे एकदम सावरून बसले. सेशनमध्ये पदार्थाचा आयडी आणि नग ठेवा. भाव ऑर्डरच्या वेळी डेटाबेसमधूनच घ्या.

सेशनच्या मुदतीकडेही बघा. पीएचपीची मूळ मर्यादा १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. गिऱ्हाईकाने कल्याणला टोपली भरली, फोन पर्समध्ये टाकला आणि थेट सीएसएमटीला बाहेर काढला, तर टोपली रिकामी सापडू शकते. म्हणून अर्धवट ऑर्डर डेटाबेसमध्येही ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. सणाच्या दिवसांत एवढीशी अडचणही गिऱ्हाईक तोडते.

आणि लॉगिन झाल्याझाल्या सेशनचा क्रमांक बदला. कुणी आधीच ठरवलेला क्रमांक गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारला असेल, तर तो तिथेच निकामी होतो. लॉगआउटला नुसतं सेशन डिस्ट्रॉय केलं (सर्व्हरवरचा माल पुसला) की कुकी ब्राउझरमध्ये तशीच राहते. तीही पुसा, सेशनचा अ‍ॅरेही (प्रोग्रॅममधली माहितीची यादी) रिकामा करा.