मीम गाजलं खरं, पण लेख लिहिणार कशावर?

एखाद्या मीमचा लेख विकिपीडियावर वगळण्याच्या चर्चेला आला की दोन मतं ठरलेली असतात. एक म्हणतो, "अहो, हे सगळ्या जगानं पाहिलंय!" दुसरा म्हणतो, "ज्ञानकोशात हा पोरखेळ कशाला?" चर्चा मिटवणारा प्रचालक, म्हणजे जास्तीचे अधिकार असलेला संपादक, ही दोन्ही मतं बाजूला सारतो आणि ते बरोबरच आहे. मीम किती जणांनी पाहिलं किंवा ते किती उथळ आहे, हा तिथला मुद्दाच नसतो. त्या मीमशी काही देणंघेणं नसलेल्या, विश्वास ठेवावा अशा कुणी त्यावर सविस्तर लिहिलंय का, एवढंच पाहायचं असतं. इंग्रजी विकिपीडियाचा उल्लेखनीयतेचा, म्हणजे विषय स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा आहे का हे ठरवण्याचा, सर्वसाधारण निकष हाच आहे. सविस्तर, स्वतंत्र आणि विश्वासार्ह हे त्यातले तीन शब्द.

मीम बहुतेक वेळा पहिल्याच शब्दावर अडखळतं. "या आठवड्यातली २५ धमाल मीम्स" अशा यादीत त्याचं चित्र असतं, खाली एक ओळ असते आणि तिथून लेखात घेण्यासारखं काहीच निघत नाही. कोट्यवधी व्ह्यूजचं तेच. तो आकडा लेखाला फार तर एक वाक्य देतो.

म्हणून चर्चेत भांडण्याआधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, एक प्रयोग करावा. मूळ पोस्ट, ती जिथे पसरली ती संकेतस्थळं आणि चाहत्यांची पानं हे सगळं मिटून ठेवायचं. उरलेल्या स्रोतांवरून तीन परिच्छेद लिहायचे: मीम आलं कुठून, पसरलं कसं, आणि त्यातून पुढे काय झालं. पहिले दोन कसेबसे जमतात. खरी परीक्षा तिसऱ्याची. तो रिकामा राहिला, तर मीमला स्वतंत्र लेख नको, मोठ्या लेखातला एक परिच्छेद पुरे.

तिसरा परिच्छेद भरतो म्हणजे काय, हे फेब्रुवारी २०१५मध्ये नेटवर फिरलेल्या ड्रेसच्या फोटोवरून कळतं. निळा-काळा की पांढरा-सोनेरी, यावर जग भांडलं. नुसतं भांडणच राहिलं असतं तर ती आठवडाभराची बातमी होती. पण त्याच वर्षी मे महिन्यात 'करंट बायॉलॉजी' या संशोधनपत्रिकेत त्यावर तीन शोधनिबंध आले. एका निबंधासाठी सुमारे १४०० जणांना रंग विचारले होते. प्रकाश कसला आहे याबद्दल मेंदू जे गृहीत धरतो, त्यानुसार रंग बदलून दिसतो, हा अभ्यासाचा विषय झाला. आता लेख ड्रेसचा राहिला नाही, दृष्टीच्या एका कोड्याचा झाला.

शोधनिबंधच हवेत असं मुळीच नाही. चालता चालता दुसऱ्या मुलीकडे वळून पाहणारा प्रियकर आठवा. तो विक्रीसाठी काढलेला स्टॉक फोटो, मीम झाला २०१७मध्ये. २०१८मध्ये स्वीडनमधल्या एका कंपनीनं तो नोकरीच्या जाहिरातीत वापरला आणि तिथल्या जाहिरात लोकपालानं ती जाहिरात लिंगभेदी ठरवली. पेपे बेडकाचं पाहा. २००५मधल्या एका कॉमिकमधलं हे साधंभोळं पात्र २०१६मध्ये अमेरिकेतल्या अँटी डिफेमेशन लीग या द्वेषविरोधी संस्थेच्या द्वेषचिन्हांच्या यादीत गेलं आणि पुढे निर्मात्यानं स्वामित्वहक्कासाठी कोर्टकचेऱ्या केल्या. दोन्हीकडे मीमबाहेरच्या कुणाला तरी त्याची दखल घेऊन काहीतरी करावं लागलं.

स्रोत मोजताना हात आखडता ठेवावा. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा संकेतस्थळांनी छापली तर तो स्रोत एकच, दहा नव्हेत. मग तारखा पाहाव्यात. सगळ्या बातम्या त्याच चार दिवसांतल्या असतील तर ती लाट आहे. सहा महिन्यांनी, वर्षानं कुणी पुन्हा त्याकडे वळून पाहिलंय का, हे शोधायचं. इथे नवे संपादक एका गोष्टीत गोंधळतात. उल्लेखनीयता ओसरत नाही, असाही नियम आहे. मग जुन्या बातम्या का चालत नाहीत? तर हा नियम एकदा सिद्ध झालेल्या उल्लेखनीयतेसाठी आहे. हल्ली कुणी शेअर करत नाही म्हणून लेख काढता येत नाही, पण चार दिवसांच्या गाजावाजानं ती मुळात सिद्धही होत नाही.

'नो युवर मीम' या मीम्सची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाचा दुवा संदर्भ म्हणून देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तिथल्या नोंदी वाचकच लिहितात, त्यामुळे इंग्रजी विकिपीडिया तो स्रोत धरत नाही. 'अर्बन डिक्शनरी' या वाचकांनीच लिहिलेल्या बोलीभाषेच्या ऑनलाइन कोशाची गतही तीच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपल्या वेब संग्रहात 'नो युवर मीम'ची प्रत जपली आहे, हा युक्तिवादही होतो. जपणं वेगळं आणि पडताळणं वेगळं. ग्रंथालय अफवांची पत्रकंसुद्धा जपतं. अर्थात नोंदीच्या तळाशी दिलेल्या वृत्तपत्रांच्या दुव्यांपर्यंत जायला ते संकेतस्थळ फार कामाचं आहे. वाट म्हणून वापरावं, पुरावा म्हणून नाही.

उगमाचा परिच्छेद लिहिताना "सर्वप्रथम" हा शब्द टाळलेला बरा. फोरचॅन या निनावी चर्चास्थळावरचे धागे काही काळानं आपोआप पुसले जातात. छोट्या चित्रफितींचं व्हाइन २०१७मध्ये बंद झालं, प्रश्नोत्तरांचं याहू आन्सर्स मे २०२१मध्ये. आज सापडणारी सगळ्यात जुनी पोस्ट म्हणजे पहिली पोस्ट नव्हे, ती फक्त वाचलेली पोस्ट असते. "अमुक दैनिकाच्या मते" असं लिहून जबाबदारी जिथली तिथे ठेवावी आणि दुवा देताना त्याच वेळी वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात त्याची प्रत साठवावी. नंतर करू म्हटलं की दुवा मेलेला सापडतो. चित्राची तारीख आणि मीमची तारीख यांतही गल्लत होते: 'डोज' मीममधल्या शिबा इनू जातीच्या कुत्रीचा फोटो २०१०चा, मीम मात्र २०१३चं.

याहून वाईट म्हणजे संदर्भांचं वर्तुळ. कुणीतरी विकिपीडियाच्या लेखात बिनसंदर्भ वाक्य घुसवतं, घाईतला पत्रकार ते उचलतो आणि मग तीच बातमी त्या वाक्याचा संदर्भ होऊन परत येते. २००८मध्ये एका विद्यार्थ्यानं कोआटी या प्राण्याच्या लेखात गंमत म्हणून "ब्राझिलियन आर्डवार्क" हे नाव टाकलं. ते छापील मजकुरातही पोचलं. मीमचे लेख या रोगाला जास्त बळी पडतात, कारण पत्रकारही उगम शोधायला आधी विकिपीडियाच उघडतो. संशय आला की पानाच्या इतिहासात ते वाक्य कधी आलं ते पाहावं आणि बातमीची तारीख त्याच्याशी ताडून घ्यावी. वाक्य बातमीच्या आधीचं असेल तर ती बातमी संदर्भ म्हणून बाद धरावी.

मीममध्ये खरा माणूस असेल, त्यातही अल्पवयीन, तर माझं मत कडक आहे: शंका असेल तर लेख नको. एकाच प्रसंगामुळे ओळखल्या जाणाऱ्या माणसाचं चरित्र सहसा लिहू नये, असं विकिपीडियाचं जिवंत व्यक्तींविषयीचं धोरणही सांगतं. लेख झालाच तर तो प्रसंगाचा, माणसाचा नाही. काठी तलवारीसारखी फिरवणाऱ्या शाळकरी मुलाची चित्रफीत २००३मध्ये त्याला न विचारता नेटवर चढवली गेली. त्यावरचा लेख 'स्टार वॉर्स किड' या मीमच्या नावानं आहे, आणि त्या मुलाचं नाव लेखात असावं की नाही यावर संपादकांनी दीर्घकाळ वाद घातला. आईवडिलांची, शाळेची, गावाची माहिती वृत्तपत्रात मिळाली म्हणून लेखात घालायची गरज नसते.

उधारीची प्रसिद्धीही चालत नाही. 'डोज' मीमवरून निघालेल्या डोजकॉइन या आभासी चलनावर ढीगभर लिहिलं गेलंय, पण त्यानं सिद्ध होते ती डोजकॉइनची उल्लेखनीयता. मीमनं स्वतःच्या जोरावर उभं राहायला हवं. उलटंही तसंच, गाणं प्रसिद्ध आहे म्हणून त्याच्या दोन ओळींवरच्या मीमला वेगळं पान लागत नाही. गाण्याच्या लेखात एक विभाग केला की झालं.

वगळण्याची चर्चा साधारण ७ दिवस चालते. मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. एकमत झालं नाही तर लेख राहतो. पण "ठेवा" आणि "काढा" यांच्या मधला पर्याय लोक विसरतात. मजकूर मीम्सच्या यादीत किंवा संबंधित लेखात विलीन करायचा आणि जुन्या नावाचं पुनर्निर्देशन करायचं, म्हणजे ते नाव उघडणारा आपोआप त्या लेखावर पोचतो. पानाचा इतिहास तसाच राहतो, त्यामुळे वर्षभरानं चांगले स्रोत मिळाले तर लेख शून्यातून लिहावा लागत नाही. कच्चा मसुदा म्हणून बाजूला ठेवणंही शक्य आहे, मात्र सहा महिने त्याला कुणी हात लावला नाही तर तो पुसला जाऊ शकतो.

चित्राचं मात्र आधीच ठरवून ठेवावं. मीम सगळ्यांचं वाटलं तरी फोटो कुणाचा तरी असतो. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रांच्या भांडारात असा फोटो चढवला की तो काढला जातो. इंग्रजी विकिपीडियावर उचित वापराखाली, म्हणजे स्वामित्वहक्क असूनही मर्यादित वापराच्या सवलतीखाली, एक चित्र, तेही साधारण १ लाख पिक्सेलच्या आत आणि वापराचं कारण लिहून, ठेवता येतं. मीमच्या दहा गमतीदार आवृत्त्यांची गॅलरी ठेवता येत नाही. इतर भाषांतल्या विकिपीडियांचे नियम आपापले असतात, काहींवर असं चित्र अजिबातच चालत नाही. तिथे चित्रात काय दिसतं ते दोन वाक्यांत नीट लिहावं लागतं, आणि ते वाटतं त्याहून अवघड काम आहे.