तुम्ही विचारलंत म्हणून: 'पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, शिकवण तपासणारे तुम्ही कोण?'

उपदेशातले संदर्भ वहीत टिपून घ्यायचे आणि घरी जाऊन ते पडताळायचे, एवढंच मी करावं म्हणते. त्यावर दर वेळी हाच प्रश्न येतो, आणि पाठोपाठ स्तोत्र 105 मधलं पंधरावं वचन: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. विचारणारे परके नसतात, आपल्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले असतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी तेच वचन पाहू. त्याच्या वरच्या तीन ओळी वाचल्या की कळतं, हे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी आहे. ते थोडेसे, उपरे, देशोदेशी भटकणारे होते. राजांनी त्यांचा घात करू नये म्हणून देवाने राजांना धमकावलं. आता ज्या प्रसंगाकडे स्तोत्राचा रोख आहे तो उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात वाचा. सातव्या वचनात देव अबीमलेख राजाला सांगतो की अब्राहाम संदेष्टा आहे. आणि नवव्या वचनात तोच परराष्ट्रीय राजा त्या संदेष्ट्याला समोर बोलावून विचारतो, तू आमच्याशी हे काय केलंस? अब्राहाम खोटं बोलला होता. जाब विचारण्यात राजाची चूक झाली असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. हात लावणं म्हणजे इजा करणं. चूक दाखवणं त्यात येत नाही.

प्रेषितांची कृत्ये 17:11 तुम्हाला पाठ आहे. बिरुयाच्या लोकांनी ज्याची शिकवण रोज शास्त्रात पडताळली तो खुद्द पौल होता, आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्या लोकांची स्तुती करतो. पौलाला चाललं ते आपल्या पाळकसाहेबांना चालू नये का?

मराठी ख्रिस्ती माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये असं मला वाटतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. दोनच वर्षांनी त्यांनी तिथल्या धर्मभगिनीला पत्रातून स्पष्ट कळवलं, की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता पाद्री म्हणतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून दुसरं जोखड घेणार नाही. ज्यांच्या आश्रयाला होत्या त्यांनाच हे लिहिलं. त्या बाईंना आपण उद्धट म्हणत नाही.

हे झालं उत्तर. इथे थांबले तर तुम्ही गप्प बसाल, पण मला समाधान नाही. 'शास्त्र उघडा, तपासा, संपलं' असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. तपासणाऱ्याच्या हातातही शास्त्र उघडंच असतं आणि तरी तो हजारोंना घेऊन चुकतो, याचं काय? हॅरल्ड कॅम्पिंग यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं.

कॅम्पिंग कॅलिफोर्नियातले स्थापत्य अभियंता. 1958 मध्ये त्यांनी इतरांबरोबर फॅमिली रेडिओ ही ख्रिस्ती प्रसारणसेवा सुरू केली. श्रोते फोन करत, ते बायबल पुढ्यात ठेवून उत्तर देत, आणि हे अनेक दशकं चाललं. शास्त्राचा अभ्यास नसलेला माणूस असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणू शकत नव्हतं. त्यांनी जाहीर केलं की 21 मे 2011 हा न्यायाचा दिवस, म्हणजे देव जगाचा न्याय करील तो दिवस. जगभर फलक लागले. काहींनी आयुष्यभराची बचत जाहिरातींत घातली.

त्यांची मांडणी अशी होती. उत्पत्ती 7:4 मध्ये देव नोहाला म्हणतो, अजून सात दिवस आहेत. 2 पेत्र 3:8 प्रमाणे प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. म्हणून सात दिवस म्हणजे 7000 वर्षं. जलप्रलय त्यांच्या हिशेबाने इसवी सनापूर्वी 4990 मध्ये झाला. त्यात 2011 मिळवा, शून्य साल नसतं म्हणून एक वजा करा, बरोबर 7000. प्रलय दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी सुरू झाला, आणि 2011 मध्ये यहुदी पंचांगातला तो दिवस 21 मे रोजीच येत होता. शिवाय वधस्तंभाचा दिवस 1 एप्रिल 33 धरला, तर तिथून 722500 दिवस होतात. 5, 10 आणि 17 यांचा गुणाकार करून त्याचा वर्ग केला की हीच संख्या येते. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता, सतरा म्हणजे स्वर्ग.

बेरीज-गुणाकार कुठेही चुकलेला नाही. ताळा करून पाहा. म्हणूनच हुशार माणसं फसली.

मी तपासायला सांगते तेव्हा नेमकं काय करायचं, ते या उदाहरणावर दाखवते. दावा एका वाक्यात लिहा. खाली प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर लिहा, आणि ओळीसमोर खूण करा: हे वचनात लिहिलं आहे, की शिकवणाऱ्याने जोडलं आहे? 'अजून सात दिवस' लिहिलेलं आहे. ते आपल्यासाठी 7000 वर्षं आहेत, हे जोडलेलं आहे. हे शब्द नोहाला सांगितले, आणि त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात सात दिवसांनी पाणी आलंसुद्धा. प्रलयाचं साल जोडलेलं आहे. सतरा म्हणजे स्वर्ग, हे शास्त्रात कुठेच नाही. यानंतर आधार दिलेल्या प्रत्येक वचनाच्या आधीची आणि नंतरची पाच-सहा वचनं वाचा. 2 पेत्र 3 मध्ये दोनच वचनं पुढे लिहिलं आहे की प्रभूचा दिवस चोरासारखा येईल. ज्या परिच्छेदातून तारीख काढली, तोच परिच्छेद तारखेच्या विरुद्ध बोलतो.

लोकांनी त्यांना मत्तय 24:36, म्हणजे तो दिवस कुणाला ठाऊक नाही हे वचन, दाखवलं नाही असं नाही. फोनवर सतत दाखवलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: उपदेशक 8:5, ज्ञान्याच्या मनाला समय व न्याय समजतो. दोन वचनं खाली, 8:7 मध्ये, पुढे काय होणार हे माणसाला ठाऊक नाही, असं म्हटलं आहे. दुसरं उत्तर 1 थेस्सलनीकाकर 5:4, तो दिवस तुम्हाला चोरासारखा गाठणार नाही. पण पुढची वचनं जागं आणि सावध राहण्याविषयी आहेत, हिशेबाविषयी नाहीत. स्पष्ट वचनाला अस्पष्ट वचनाने गप्प करायचं नाही. सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते, आणि मोठ्या अभ्यासकांकडून चुकते, कारण अस्पष्ट वचनं त्यांनाच जास्त माहीत असतात.

पण मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. कॅम्पिंग 1988 मध्ये आपल्या मंडळीतून बाहेर पडले. पुढे त्यांनी शिकवलं की मंडळ्यांचा काळ संपला, विश्वासणाऱ्यांनी मंडळ्या सोडाव्यात. म्हणजे मंडळीची देखरेख करणारे जे वडील समोर बसवून 'थांबा' म्हणू शकले असते, ते आधीच दूर झाले होते. श्रोता प्रश्न विचारू शकतो, पण त्याचा फोन ठेवून पुढचा घेता येतो. सप्टेंबर 1994 ची त्यांची आधीची तारीख फसली होती, तरी त्यांना अडवायला कुणी उरलं नव्हतं.

21 मे गेला. दोन दिवसांनी ते म्हणाले, न्याय आत्मिक अर्थाने झाला, शेवट 21 ऑक्टोबरला. पराभूत शिकवण नेहमी याच वाटेने निसटते. जे दिसणार होतं ते अदृश्य रीतीने घडलं, असं सांगते. जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ऑक्टोबरही गेला.

मार्च 2012 मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांनी पत्र लिहिलं. आमचं चुकलं. तो दिवस कुणाला ठाऊक नाही हे वचन दाखवणारे लोक बरोबर होते, आम्ही नव्हतो. बायबल तारखेची हमी देतं हे आमचं म्हणणं पाप होतं. नवी तारीख आमच्याकडे नाही. चूक मान्य करण्याचा याहून स्पष्ट नमुना मला सहज सापडत नाही: काय चुकलं, कोणत्या वचनापुढे चुकलं, बरोबर कोण होतं. 'कुणाचं मन दुखावलं असल्यास' असलं काही नाही.

तरी त्याच पत्रात बलामाचा, म्हणजे देवाने ज्याच्या तोंडून खरं वदवलं त्या पापी संदेष्ट्याचा, दाखला आहे, की देवाने आमच्या पापाचाही उपयोग करून जगाचं लक्ष बायबलकडे वेधलं. देव तसं करू शकतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याची बचत गेली त्याच्यासमोर बसून हे वाक्य वाचवत नाही. आणि पत्र फक्त तारखेबद्दल होतं, बाकीच्या शिकवणीबद्दल नव्हतं. कॅम्पिंग 2013 मध्ये वारले, आणि त्यांची शिकवण त्या रेडिओवरून हटवायला 2018 उजाडलं.

म्हणून आता मला विचाराल, तर वहीपेक्षा जास्त मी हे पाहते, की शिकवणाऱ्याला कोण अडवू शकतं. प्रेषितांच्या काळातला उपदेशक अपुल्लोस शास्त्रात पारंगत होता. इफिसात राहुट्या बनवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन अधिक नीट समजावलं, सभेत उभं राहून नव्हे. त्याने ऐकलं, आणि पुढे अखया प्रांतात त्याचा मोठा उपयोग झाला. तुम्हीही आधी एकटे जा. वडील माणसाला बापासारखं मानून बोला, 1 तीमथ्य 5:1. दोष गंभीर असेल तर दोन-तीन साक्षीदार लागतात, 5:19. आणि चमत्कार झाले म्हणून शिकवण खरी, हे मला सांगू नका. अनुवाद 13 च्या सुरुवातीलाच चिन्ह खरं ठरलं तरी शिकवण तपासायला सांगितलं आहे.

पण अंत्युखियात पौलाने केफाला, म्हणजे पेत्राला, सर्वांदेखत दोष लावला, कारण तो सर्वांदेखत यहुदीतरांच्या पंगतीतून उठला होता आणि पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे गेला होता. मग एकांतात कधी आणि चारचौघांत कधी? चूक किती जणांना घेऊन चालली आहे यावरून ठरवावं, असं मी म्हणते. पण तेवढ्याने प्रत्येक वेळी निकाल लागत नाही. पाळक ऐकतच नसतील तर मंडळी सोडावी का, हा तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. त्याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. थांबलात तर चुकीच्या शिकवणीला तुमची हजेरी लागते. निघालात, तर कॅम्पिंग यांच्याप्रमाणे तुम्हालाही अडवणारं कुणी उरत नाही. निघावंच लागलं, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या मंडळीत वडिलांना भेटा आणि तुमच्या वहीतलं सगळं त्यांच्याकडून तपासून घ्या.