लेंतमध्ये मटण सोडलं, बांधाचं काय?

लेंत म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर 46 दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की उरतात ते 40. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. आता कोल्हापुरात मटण शिजतं ते मुख्यतः रविवारीच. म्हणजे ‘लेंतभर मटण बंद’ म्हणणाऱ्याने रविवार मोकळा ठेवला, तर त्याने नेमकं सोडलं काय, हे त्याचं त्यालाच ठाऊक! तांबडा-पांढरा सोडून रोज मिसळ चापणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पहिल्या दिवशी कपाळाला लावायच्या राखेचंही तसंच. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, पुढे इथलं मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. त्या परंपरेत कपाळाला राख लावायची जुनी रीत नाही. जिथे लावतात तिथे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती करतात. झावळ्या कडक वाळलेल्या हव्यात, राख बारीक चाळलेली हवी, आणि कालवायचीच असेल तर थेंबभर तेलात. राख पाण्यात कालवली की क्षार सुटतो आणि कपाळाची आग होते. योएल संदेष्टा मात्र वस्त्रं नव्हे, हृदय फाडा म्हणतो. ते फाडायचं कसं, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

उपासनेतला पापांगीकार, म्हणजे पापाची कबुली, सगळे मिळून म्हणतात. तो गरजेचा आहे, पण त्याच्या आडोशाला लपताही येतं. ‘आम्ही पापी आहोत’ म्हणायला काहीच पडत नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला ‘माणसं पापी असतात’ असं सांगितलं नाही. ‘तो माणूस तूच’ असं सांगितलं. 51वं स्तोत्र त्या भेटीशी जोडलेलं आहे. म्हणून ते वाचण्याआधी वही घ्यावी आणि दहा आज्ञा समोर ठेवून तीनच गोष्टी लिहाव्यात: काय केलं, कोणाचं केलं, किती केलं. ‘लोभ’ असं लिहू नये. ‘ऊसबिल आल्यावरही हातउसने 5,000 परत केले नाहीत’ असं लिहावं. एका बैठकीत दोन-तीन नोंदी पुष्कळ झाल्या. चाळीस पानं भरणारा बहुधा स्वतःच्याच दुःखात रमलेला असतो.

परतफेडीचा हिशेब पवित्र शास्त्रातच आहे. गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय सांगतो की पाप कबूल करा, मुद्दल पूर्ण द्या, वर पाचवा हिस्सा घाला. म्हणजे 5,000 चे 6,000. तो माणूस वारला असेल आणि जवळचा वारसही नसेल, तर ती भरपाई परमेश्वराची म्हणून याजकाकडे जाते. आज ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दानपेटीत टाकता येईल, पण वारस हयात असताना दानपेटीचा रस्ता धरणं ही पळवाट झाली. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उभा राहिला.

आपल्याकडचं खरं अवघड पाप म्हणजे बांध कोरणं, शेजारच्या भावाच्या रानात थोडं थोडं सरकणं. लेंतच्या सुमारास ऊस तुटून गेलेला असतो, शिवार उघडं पडतं, खोडव्याच्या (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पिकाच्या) बगला फोडायचं काम निघतं. नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, बांधात घुसतं ते याच दिवसांत. फूटभर रुंद आणि 300 फूट लांब पट्टी म्हणजे 300 चौरस फूट, पाव गुंठ्याहून जास्त. दरवर्षी चार बोटं सरकवली तरी तीन-चार वर्षांत तेवढी होते.

भावाकडे गेल्यावर ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ म्हणू नये. त्या ‘असेल’मध्ये कबुलीच नाही. ‘दादा, तुझ्या अंगाचा बांध मी फूटभर कोरलाय, तो परत घालतो’ एवढंच म्हणावं. त्याच्यापुढे ‘पण तूही’ आलं की सगळं मुसळ केरात. कळत-नकळतचा व्हॉट्सॲप मेसेज पाठवून हे काम होत नाही. चार माणसं गोळा करून माफी मागणंही चुकीचं, कारण मग त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. त्याने माफ केलं नाही तरी बांध घालायचाच. तो काही माफीचा मोबदला नव्हे.

येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदानेही ती 30 नाणी परत केली होती, पण याजकांकडे. त्यांनी हात झटकले आणि तो तिथूनच मरणाकडे गेला. येशूला ओळखत नाही म्हणणारा शिष्य पेत्र रडला, तोही काही कमी चुकला नव्हता. मात्र येशू किनाऱ्यावर दिसताच त्याने पाण्यात उडी टाकली. अपराधाची टोचणी दोघांनाही होती, फरक दिशेचा पडला. झोप उडेल इतकी टोचणी असेल तर एकट्याने वही उघडू नये, पाळकांना सोबत घ्यावं.

हद्दच नक्की माहीत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज द्यावा आणि फी स्वतः भरावी. ईस्टरच्या आत मोजणी होईलच असं नाही, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा. तोवर बांधालगतची दोन तासं नांगरायची नाहीत. आणि खुणेचा दगड रोवताना दोघेही भाऊ तिथे हजर हवेत.