बक्षीस देणं म्हणजे लाच देणंच नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. बोलायला उशीर झालेल्या, वर्गात टिकून न बसणाऱ्या, चटकन चिडणाऱ्या मुलांबरोबर मी काम करते. त्यांच्या आईबाबांचा आणि कधीकधी शिक्षकांचाही एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, चांगलं वागला की स्टिकर, चांगलं वागला की शाबासकी. ही लाचच झाली ना? उद्या काही मिळाल्याशिवाय तो जागचा हलणार नाही."

लाच कधी दिली जाते ते आधी पाहू या. मूल जमिनीवर लोळून रडतंय, चार लोक बघतायत आणि आपण म्हणतो, "गप्प बस, मोबाइल देते." मूल गप्प बसतं. लोळलं की मोबाइल मिळतो, हे त्याला कळलं. मोबाइल दिला की आपली सुटका होते, हे आपल्यालाही कळलं. पुढच्या वेळी दोघंही तसंच वागणार. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरच्या प्रयोगांतून जे दाखवलं आणि दुसरा मानसशास्त्रज्ञ स्किनर याने पुढे ज्याचा सविस्तर अभ्यास केला, ते हेच: ज्या वागण्यामागोमाग हवंसं काही मिळतं, ते वागणं पुन्हा होतं. आपण ठरवू न ठरवू, हे प्रबलन (हवंसं मिळून वागणं पक्कं होणं) घरात आणि वर्गात दिवसभर चालूच असतं. म्हणून मी पालकांना उलट विचारते, सध्या ते हवंसं काही कोणत्या वागण्याला मिळतंय?

बहुतेक वेळा ते नको त्या वागण्याला मिळत असतं, आणि बक्षीस असतं मोठ्यांचं लक्ष. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. बालवाडीतली चार वर्षांची एक मुलगी इतर मुलांपासून दूर राहायची, शिक्षिकांभोवतीच घुटमळायची. एकटी दिसली की शिक्षिका मायेने तिच्याजवळ जायच्या, आणि तिचं एकटं राहणं त्यानेच पक्कं होत होतं. मग शिक्षिकांनी क्रम बदलला. ती मुलांमध्ये असेल तेव्हा तिच्याकडे पाहायचं, बोलायचं. एकटी असेल तेव्हा फारसं नाही. ती मुलांत खेळू लागली. मुद्दाम पुन्हा जुनी पद्धत सुरू केली, तर ती पुन्हा दूर गेली. नवी पद्धत परत आणल्यावर परत खेळायला लागली. तिला एकही वस्तू द्यावी लागली नव्हती. शांतपणे काम करणाऱ्या मुलाकडे आपण "चला, बरं चाललंय" म्हणून पाठ फिरवतो आणि बाक वाजवणाऱ्याचं नाव दिवसभर घेतो, हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं.

तुमची भीती मात्र निराधार नाही. लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांपेक्षा निम्म्याच्या आसपास वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची आवड अशी घटली नाही. म्हणून जे मूल आपणहून पुस्तक उघडतं, त्याच्या वाचनाला मी स्टिकर लावत नाही. स्टिकर हवा तो अजून न जमणाऱ्या, कष्टाच्या गोष्टीला. तोही लगेच, आणि कशासाठी ते सांगून: "हुशार आहेस" यापेक्षा "चिडला होतास, तरी पेन्सिल खाली ठेवून मला हाक मारलीस." गोष्ट जमू लागली की स्टिकर हळूहळू विरळ करायचे. विरळ करण्याचा बेत पहिल्या दिवसापासून हवा. तो नसेल तर तुमचा प्रश्न रास्तच ठरतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केवळ गप्प बसण्याला, निमूट ऐकण्याला बक्षीस देत राहिलो, तर मूल आपल्या सोयीचं होतं, पण शिकत काही नाही. कार आणि ड्युरांड या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं, की आरडाओरडा करणाऱ्या मुलांना मदत किंवा लक्ष मागायचे शब्द शिकवले की त्यांचा त्रासदायक वागण्याकडचा ओढा कमी होतो. त्यामुळे काम टाळण्यासाठी वस्तू फेकणाऱ्या मुलाला मी आधी 'थांबू या' असं लिहिलेलं कार्ड हातात द्यायला शिकवते. कार्ड मिळालं की तत्क्षणी काम थांबवते, दर वेळी. पालक दचकतात, "मग तो सारखंच थांबायला सांगेल!" सुरुवातीला सांगतोच, आणि मी थांबतेच. त्याचं 'नको' ऐकलं जातं यावर त्याचा विश्वास बसल्यावरच मी म्हणते, "अजून एक ओळ, मग थांबू." तेव्हा बहुतेक मुलं ती ओळ लिहितात.